बत्तीस नंबरच्या जुडीतले चार

डोळे मीट पाहू. घट्ट मीट, मधूनच किलकिले करायचे नाहीत.

आता असं समज की तू एका लोखंडी पिंजऱ्यात आहेस. आजूबाजूला हेल्मेट घातलेली माणसं दाटीवाटीने उभी आहेत आणि पिंजरा विहिरीसारख्या खोल भोकातून खाली सुटलाय. कानात दडे बसतात. मिनिटं जातात, तरी तळ येत नाही. शेवटी पिंजरा थांबतो, तेव्हा तुझ्या डोक्यावर तीन किलोमीटर दगड असतो. शाळेपासून घरापर्यंत तुला जेवढं चालावं लागतं ना, बहुधा त्याहून जास्तच. फक्त आडवं नाही, उभं.

तिथल्या भिंतीला हात लाव. गरम आहे ना? इतक्या खाली दगड थंड नसतो आणि निपचितही नसतो. वरचं सगळं ओझं त्याच्या अंगावर असतं. सोन्यासाठी माणसं त्यात बोगदा खणतात, म्हणजे ओझं उचलणारा मधला दगडच काढून घेतात. मग ते ओझं जातं कुठे? शेजारच्या दगडावर. तो बिचारा सोसतो, दिवसचे दिवस सोसतो, आणि कधीतरी एका क्षणात फुटतो, वाकवून वाकवून धरलेली पट्टी कडकन तुटावी तसा. दगड नुसता तडतडला तर खाणीतली माणसं म्हणतात, ‘दगड बोलतोय.’ खरोखर फुटतो त्याला काय म्हणतात हे मी विचारून पाहिलं होतं. त्याबद्दल ती फारसं बोलत नाहीत.

उघड डोळे. आपली गोष्ट वर, उन्हात, खाणीच्या कुंपणाला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये सुरू होते. पण खालचा तो गरम दगड विसरू नकोस. ज्या मुलीची ही गोष्ट आहे, तिचा बाबा त्या दिवशी तिथे कामावर होता.

मुलगी अकरा वर्षांची. वसाहतीत तिला सगळे चकचक म्हणत, कारण समोर येईल ती वस्तू ती घासून लख्ख करायची. पातेल्यांची बुडं, सायकलची घंटा, बाबाच्या हेल्मेटवरचा दिवा, काही म्हणजे काही सुटायचं नाही. “हिला एक दिवस मोकळं सोडलं तर ही गल्लीतलं मांजरसुद्धा घासून काढेल,” असं आई म्हणायची. आई दवाखान्यात नर्स होती. बाबा खाणीत मुकादम, चार माणसांच्या टोळीवरचा. त्यामुळे सुट्टीच्या दिवसांत चकचकचा मुक्काम आजोबांच्या शेडमध्ये असे. खरं तर मुलांनी तिथे यायचं नाही, अशी पाटी होती. आजोबा ती पाटी रोज वाचत आणि रोज विसरत.

आजोबा म्हणजे आईचे वडील. त्यांचं काम बोल्टचं. बोल्ट म्हणजे दरवाज्याहून उंच, अंगठ्याएवढी जाड पोलादी सळई. एका टोकाला शंकूसारखा गोळा, दुसऱ्या टोकाला नट बसवायचे आटे. खाली बोगद्याच्या छतात खोल भोक पाडायचं, त्यात पातळ सिमेंट भरायचं, गोळ्याकडून सळई आत सारायची आणि बाहेर राहिलेल्या टोकावर चकती ठेवून नट आवळायचा. चकत्यांच्या मागे तारेची जाळी. असे शेकडो बोल्ट छताला सांभाळून धरतात. आजोबा त्या सळया गरम मेणाच्या लांब कुंडात बुडवून काढत, वाळवत, वीस-वीसच्या जुड्या बांधत आणि प्रत्येक जुडीला नंबराचा पत्रा अडकवत.

त्या गुरुवारी सकाळी आजोबा तीन दिवसांच्या तापातून उठून पहिल्यांदाच शेडमध्ये आले होते. चकचक उलट्या बादलीवर बसून पाय हलवत होती.

“आजोबा, हे मेण गंज लागू नये म्हणूनच ना?”

“गंजासाठी तेलाचं फडकं फिरवलं असतं की! एवढा कुटाणा कोण करतो?” आजोबांनी खिशातून एक जड नट काढला. त्यांना कुणी असं काही विचारलं की ताप असो, खोकला असो, चेहरा उजळायचाच. “ये इकडे. हात पुढे कर. ताठ धर, अजिबात हलवायचा नाही.”

त्यांनी नट वरून सोडला.

“आई गं!”

“लागलं? आता पुन्हा. या वेळी नट हातात आला की त्याच्याबरोबर हात खाली जाऊ दे.”

या वेळी नट अलगद हातात येऊन बसला.

“नट तोच, उंची तीच. मग का नाही लागलं?”

“हात खाली गेला म्हणून.”

“पण नट सोडलास का?”

“नाही.”

“झालं तर! चांगला बोल्टही तेच करतो. खालचा दगड हिसका देतो तो असातसा नसतो, सगळी भिंतच हातभर पुढे येऊ पाहते. तिला ‘अजिबात हलू नकोस’ म्हणणारा बोल्ट काही कामाचा नाही. धरून ठेवायचं आणि थोडं थोडं सरकूही द्यायचं. मेण असलं की सिमेंट सळईला चिकटत नाही. मग तो गोळा सिमेंट चिरडत सावकाश सरकतो आणि सगळा हिसका पिऊन टाकतो. माणसांना पळायला वेळ मिळतो.”

चकचकचे पाय हलायचे थांबले होते. “आणि मेण नसेल तर?”

“नसेल तर सिमेंट पकडतं सळईला, मगरीसारखं. सरकायला जागाच नाही. ताणली जाते आणि तुटते. टण्ण! आणि गंमत अशी की बाहेरून सगळं झकास दिसतं. चकती जागेवर, नट जागेवर. कुणाला पत्ता लागत नाही.”

आजोबा पुढची सळई उचलायला वळले. चकचक बादलीवरून उतरली.

काय झालं होतं, सांगतो. सोमवारी आजोबांचा चष्मा आणायला ती शेडमध्ये आली होती. दाराशी दोन जुड्या पडल्या होत्या, एकतीस आणि बत्तीस. मेणावर धूळ बसलेली, भुसा चिकटलेला. तापाच्या आधी आजोबाच कुरकुरले होते, ‘काय घाण बसलीय बघ, लाज वाटते अशा पाठवायला.’ चकचकला तेवढं पुरे झालं. तिने पाणी तापवलं, त्यात सोडा टाकला आणि ती फडकं घेऊन बसली. सोमवारी दुपारभर खपून एकतीस नंबरच्या वीसही सळया तिने आरशासारख्या केल्या. मंगळवारी बत्तीसमधल्या चार झाल्या आणि सोडा संपला. संध्याकाळी गाडी आली आणि दोन्ही जुड्या घेऊन गेली. आजोबा बरे झाले की त्यांना चकित करायचं, असं तिने ठरवलं होतं.

तिला वाटलं, आपण आत्ता काहीच बोललो नाही तर? बोल्ट बाहेरून झकास दिसतात. कुणाला पत्ता लागत नाही.

पण बाबा आत्ता, या क्षणी, खाली होता.

“आजोबा,” ती म्हणाली, “ती दाराजवळची जुडी मी पुसली. गरम पाण्याने. सोडा घालून.”

हातातली सळई आजोबांनी इतकी हळू खाली ठेवली की जराही आवाज झाला नाही. मग त्यांचा स्वर आला, तो तिच्या ओळखीचा नव्हता. “नंबर?”

“एकतीस. आणि आजोबा—”

“चल.” त्यांनी मेणाखालची शेगडी बंद केली. टोपीसुद्धा घेतली नाही. “चल, पाय उचल.”

शेडपासून खाणीच्या कचेरीपर्यंत सरळ रस्ता होता, पण चढाचा. आजोबा धापा टाकत, खोकत, तरी असे सुटले होते की चकचकला त्यांच्या बरोबरीने पळावं लागत होतं. तिने दोनदा “आजोबा, ऐका ना” म्हटलं. दुसऱ्यांदा ते वळून म्हणाले, “हे बघ, तिथे तू तोंड उघडायचं नाहीस. चकार शब्द नाही. विसरलो मी, मेण लावायचं राहिलं माझ्याकडून. कळलं? तू नुसती माझ्यासोबत आली आहेस.”

“पण—”

“कळलं का?”

तिने मान हलवली.

कचेरीतल्या कोपऱ्याच्या खोलीत दगडांच्या इंजिनियर बसत. दगड का फुटतो, कुठे फुटेल आणि छताला किती बोल्ट लागतील हे ठरवायचं त्यांचं काम. त्यांना पाठीमागे सगळे कातळबाई म्हणत आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. खालच्या भिंतींमध्ये कान लावून ठेवावेत तशी यंत्रं बसवलेली होती, आणि दगड तडकला की बाईंच्या पडद्यावर एक टोकदार रेघ उठायची. त्या दिवशी रेघा दाट होत्या. टेबलावरच्या चहावर साय धरली होती.

“आजोबा, आत्ता नको,” पडद्यावरची नजर न काढता बाई म्हणाल्या. “सकाळपासून खाली नुसती वटवट चाललीय.”

“आत्ताच हवं, बाई. एकतीस नंबरची जुडी. मेण लावायचं राहिलं. मी विसरलो.”

बाई आता वळल्या. “विसरलात?”

“तापात होतो.”

“बोल्ट आणि मेण विसरलात! मग तिसाला लावलंत कशावरून? एकोणतिसाला? मी आता कुठल्या छतावर विश्वास ठेवायचा, सांगा बरं?”

आजोबांनी मान खाली घातली. एवढी वर्षं ज्यांचं काम कुणी तपासायला गेलं नाही, ते आजोबा. चकचकला रडू आलं, पण चकार शब्द नाही असं ठरलं होतं.

बाईंनी रजिस्टर ओढलं आणि बोट फिरवलं. “एकतीस. उत्तरेचा बोगदा, शेवटची वीस पावलं. रात्रपाळीने बसवलेत. तिथे आत्ता कोण आहे?”

“आमचे जावई,” आजोबा म्हणाले.

बाईंनी फोन उचलून बटण दाबलं आणि आवाज खोलीत ऐकू येईल असा सोडला. खाली बोगदे एकमेकांना छेदतात त्या चौकात एक फोन होता. बराच वेळ घंटा वाजत राहिली.

“पाताळलोक! बोला, कोण पाहिजे?” टोळीतला लंबू होता. त्याला फोनवर सरळ बोलता येत नसे.

“लंबू, थट्टा नको. मुकादमांना आणि सगळ्यांना मागे बोलाव. आत्ताच्या आत्ता. यंत्रं तिथेच टाका. शेवटच्या वीस पावलांवर कुणी थांबायचं नाही.”

“आणतो, मॅडम.” लंबूचा आवाज एकदम सरळ झाला. फोन लोंबकळत राहिल्याचा खडखड आवाज आला आणि बूट पळत दूर गेले.

मग थांबणं. तू कधी कुणाची अशी वाट पाहिली असशील तर तुला माहीत आहे, घड्याळाचा काटा किती आळशी असतो ते. पडद्यावर एक रेघ उठली. आणखी एक. मग एक अशी उठली की ती पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकली. टेबलावरचा चहा थरथरला, सायीला सुरकुती पडली. फोनमधून कुठेतरी खडे गळल्याचा सळसळ आवाज आला.

आजोबांनी चकचकच्या खांद्यावर हात ठेवला होता. तो हात दाबला गेला. तिला दुखलं, पण ती हलली नाही.

बूट. पुष्कळ बूट. आणि मग बाबाचा आवाज, धापा टाकत. “हं, बोला. आलो सगळे. मी धरून पाच.”

आजोबांनी डोळे मिटले.

“सगळे ठीक?” बाईंनी विचारलं.

“लंबूच्या डब्यावर दगड पडलाय. तो रडतोय, बाकी ठीक. झालं काय?”

“बोल्टच्या एका जुडीत खोट निघाली. तुमच्या डोक्यावरचीच. मुकादम, पिंजरा आत्ताच वर आलाय, परत खाली यायला वीस मिनिटं लागतील. तोवर चौकातच बसा, कुठे हलू नका. दगड आता गप्प बसणार नाही. चौकात बुधवारी नवे बोल्ट ठोकलेत, सगळ्यात भक्कम जागा तीच.”

“बसतो,” बाबा म्हणाला. “बसा रे सगळे. भिंतीला टेका.”

बाई सुटकेचा श्वास सोडून खुर्चीत मागे टेकल्या. रजिस्टर टेबलावर उघडंच होतं. चकचकला ते उलटं दिसत होतं, पण आकडे उलटेही वाचता येतात. एकतीसच्या खालची ओळ. बत्तीस. पुढे लिहिलं होतं: चौक, फोनजवळ.

तिच्या कानात दडे बसले, पिंजऱ्यात बसतात तसे.

वीसमधले चार. कुठले चार? कुठल्या कोपऱ्यात? बाबाच्या डोक्यावर असतील, नसतील. बत्तीसमधले चार पुसलेले आहेत हे आजोबांना माहीत नव्हतं. बाईंना माहीत नव्हतं. सगळ्या जगात ते एकट्या तिला माहीत होतं. आणि आजोबांनी तर आत्ताच, तिच्यासमोर, सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. ती बोलली तर ते खोटारडे ठरणार. मुलीला शेडमध्ये येऊ दिलं, वर बाईंशी खोटं बोलले. उद्या शेडची किल्ली त्यांच्याकडे राहणार नाही. ती नाही बोलली तर कदाचित काहीच होणार नाही. सोळा तर चांगले होते! सोळा पुरतीलही.

पडद्यावर पुन्हा रेघ उठली.

चकचक खांद्यावरच्या हाताखालून निसटली. टेबलाला वळसा घालायला वेळ नव्हता, म्हणून ती टेबलावरच ओणवी झाली आणि फोनवर ओरडली, “बाबा, तिथे बसू नका! उठा!”

“चकचक?” बाबा गोंधळला. “तू तिथे काय करतेस?”

“चौकातले चार मी पुसले. बत्तीस नंबरमधले. चारांवर मेण नाही, बाबा. कुठले चार ते मला माहीत नाही. उठ ना!”

“ए, काय चाललंय?” बाई अर्ध्या उठल्या. “आजोबा, ही काय म्हणतेय?”

आजोबांचं तोंड उघडं राहिलं. त्यांच्या चेहऱ्याकडे एकदा पाहून बाईंना सगळं कळलं असावं, कारण त्यांनी पुढे काही विचारलं नाही. त्या फोनकडे वाकल्या. “मुकादम, मुलीचं ऐका. पिंजऱ्याच्या विहिरीपर्यंत जा. तिथे जुनं काँक्रीट आहे. भिंतीला चिकटून नको, मधून चाला.”

“उठा रे!” बाबाचा आवाज मोठा झाला. “लंबू, डबा राहू दे. तू पुढे हो. मी मागून मोजतो.”

फोन पुन्हा लोंबकळला. बूट निघाले. आधी खणखणीत, मग दबके, मग नाहीच. उरला तो फक्त दगडाचा आवाज, तड, तड, तड, कुणीतरी अंधारात बोटं मोडावीत तसा. चकचक टेबलावर तशीच ओणवी राहिली. तिच्या कोपराखाली चहा सांडला होता आणि रजिस्टरचं पान भिजत होतं. कुणी पुसलं नाही. तिनेही नाही.

मग फोनमधून एक आवाज आला, टण्ण. स्वच्छ, घंटेसारखा. आणि त्याच्या पाठोपाठ जाळीवर काहीतरी जड कोसळल्याचा आवाज, आणि फोन बंद पडला.

बाईंनी बटण पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं.

किती वेळ गेला, ते चकचकला नंतर कधी नीट सांगता आलं नाही. टेबलाच्या दुसऱ्या कडेला आणखी एक फोन होता, विहिरीच्या तळाशी जोडलेला. तो वाजला, तेव्हा बाईंचा हात त्याच्यावर पडेपर्यंत दोन घंटा झाल्या.

“पाच,” बाबा म्हणाला. एवढंच. मग धाप ओसरल्यावर, “पाचही आहोत.”

आजोबा भिंतीला धरून खाली बसले. बाईंनी दोन्ही हातांनी डोळे चोळले. पिंजरा लवकर पाठवायला सांगितलं, बाकीच्या पाळीलाही वर बोलावून घेतलं. ती सगळी कामं उरकल्यावर त्यांनी एक कोरा कागद काढला. आवाज रागावलेला नव्हता, पण मऊही नव्हता.

“आता मला खरं लागेल. कुठली सळई, कधी, कशाने. एकही सुटली तर उद्या दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर असेल ती. आजोबा, सांगा.”

“बाई, लेकरू आहे ते,” आजोबा जमिनीवरूनच म्हणाले. “चूक माझी आहे. तुम्ही माझ्याच नावावर लिहा.”

चकचकने त्यांच्याकडे पाहिलं. मग ती टेबलावरून उतरली, कोपऱ्यातलं स्टूल ओढत आणलं, बाईंच्या समोर ठेवलं आणि त्यावर ताठ बसली.

“आजोबा काही विसरले नव्हते,” ती म्हणाली. “सोमवारी दुपारी मी त्यांचा चष्मा आणायला गेले. लिहा. आधी मी पाणी तापवलं.”